मदत हवी आहे : पायी नर्मदा परिक्रमा, पाच महिन्यांची बिनपगारी रजा

कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलायची आहे. मैया उजव्या हाताला, म्हणजे आधी दक्षिण तटाने समुद्राकडे. रोज २०-२२ कि.मी. धरले तर सुमारे २,६०० कि.मी.ला चार महिने. उरलेला महिना आजारपण आणि नावेसाठी राखीव. दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून समुद्रमुख ओलांडून उत्तर तटावरच्या मीठी तलाईला नेणारी नाव भरती बघूनच सुटते, गर्दी असली की मुक्काम लांबतो. म्हणून परतीचं तिकीट आधी काढत नाहीये.

अडलंय ते शूलपाणीच्या झाडीपाशी, म्हणजे वाटेतल्या डोंगराळ जंगलपट्ट्यापाशी. बडवानीनंतर धडगावकडून डोंगरातून जावं, की शहादा-प्रकाशामार्गे सडकेने? आणि पहाटेच्या दवात पांघरूण भिजू नये म्हणून काय करता? प्लॅस्टिक वरून घेतलं तर आतून ओल धरते. पाठीवर सहा किलोच्या वर न्यायचं नाही. अलीकडे चालून आलेल्यांनी कृपया सांगा. नर्मदे हर!