आप्पांना काचबिंदू निघाला, पण दिसतं चांगलं म्हणून थेंब टाकत नाहीत

रावेरकर:
नमस्कार मंडळी. आप्पांना जळगावला चष्म्याचा नंबर काढायला नेलं तर डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, एका डोळ्यात २८ निघालं, काचबिंदू आहे म्हणाले आणि रोज रात्री टाकायला थेंब दिले. आता आप्पा म्हणतात मला केळीच्या बागेतलं पार शेवटचं झाड दिसतं, दुखत नाही खुपत नाही, थेंब कशाला? त्यात दवाखान्यात बाकावर बसलेले लोक सांगत होते की पिकू द्या, मग शिबिरात फुकट काढून देतात. खरंच काढता येतो का हा?

धुळेकर ताई:
भाऊ, पिकू देऊ नका!! ते मोतीबिंदूचं, त्यात भिंग गढूळ होतं, नवीन बसवलं की परत दिसतं. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते आणि सुकली ती सुकली. थेंब, लेझर, ऑपरेशन काहीही करा, ते उरलेली नजर वाचवायला. आधी बाजूची नजर जाते म्हणून समोरचं झाड आप्पांना दिसणारच. फिल्ड टेस्ट करून घ्या, किती गेलंय ते त्यात कळेल. मी डोळ्यांच्या दवाखान्यातच काम करते, शुगर-बीपी विचारलं की लोक पटकन सांगतात, घरात कोणाला काचबिंदू आहे का विचारलं की एकमेकांकडे बघतात. आणि प्रेशर २१ च्या आत म्हणजे नॉर्मल असूनही काहींना होतो, म्हणून नस बघावीच लागते. हा घराण्यात चालतो, म्हणून आप्पांच्या भावंडांना आणि तुम्हा मुलांना पण दाखवा.

भुसावळचा नाना:
मला पण आहे. थेंब टाकला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरायचा, औषध घशात उतरत नाही. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, काही थेंब दम्याला चालत नाहीत. आणि डोळे लाल झाले की मेडिकलवरून मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून टाकतात ना आपल्याकडे, ते बंद करा, त्याने पण प्रेशर वाढू शकतं.

रावेरकर:
धन्यवाद ताई, नाना. आप्पांना हे सगळं वाचून दाखवलं, आज थेंब टाकू दिला. आत्या शिरपूरला असते, तिला जिना उतरताना पायरी समजत नाही, सगळे म्हणतात वय झालं. तिला पण दाखवू का?

धुळेकर ताई:
लगेच. आणि नुसता नंबर काढून परत आणू नका, प्रेशर आणि नस दोन्ही बघा म्हणून स्वतः सांगा.