मदत हवी आहे: फील्डवर्कला वाडीवर माणसंच नाहीत, काय करू?

पळसफूल (शनिवार, रात्री ११:४०)
तातडीनं मदत हवी आहे. मानवशास्त्राच्या प्रबंधिकेचं फील्डवर्क आत्ताच करायचं आहे आणि वाडी रिकामी आहे. निम्म्याहून जास्त घरांच्या दाराला काटक्या लावलेल्या. मागे राहिलेत ते म्हातारेकोतारे आणि थोडी लहान मुलं. गाईड म्हणतात विषय मंजूर झालाय, आता बदलता येणार नाही, कसंही करून डेटा आणा. एप्रिलअखेर जमा करायचंय. नमुना छोटा असला, म्हणजे थोड्याच कुटुंबांशी बोलणं झालं, तर चालतो का? कुणी अशा परिस्थितीत काम केलंय का? सोमवारी गाईडना भेटायचंय, कृपया लवकर सांगा.

करवंद
कुठली वाडी? कुठला समाज? एमए का पीएचडी? विषय काय? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?

लक्ष्य_कलेक्टर
मानवशास्त्र म्हणजे यूपीएससीचा ऑप्शनल ना? उत्तम निवड. २५०-२५० गुणांचे दोन पेपर, त्यात दुसऱ्या पेपरला भारतातले आदिवासी आणि त्यांचे प्रश्न. फील्डवर्कची उदाहरणं उत्तरात घातली की फरक पडतो. नोट्स मराठीत कुठे मिळतील ते कुणी सांगेल का?

पळसफूल
यूपीएससी नाही. एमए, दुसरं वर्ष, सामाजिक-सांस्कृतिक मानवशास्त्र. विषय कातकरी समाजातले आप्तसंबंध, म्हणजे नातीगोती. रायगडचा सुधागड तालुका. लोक दिवाळीनंतर भट्टीवर जातात हे सगळ्यांना माहीतच असतं म्हणून वेगळं लिहिलं नाही. नमुन्याचं कुणीतरी सांगा प्लीज.

सुधागडकर
कुठल्या भट्टीवर, ते आधी सांगा. आमच्याकडे दोन प्रकार आहेत. काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पेण-पनवेल-कर्जतकडे. काही कोळसाभट्टीवर जातात, ती घाट चढून देशावर, थेट कर्नाटकात सुद्धा. वीटभट्टीवाले एसटीनं गाठता येतात. कोळसावाले माळावर पांगलेले असतात, बाभळी संपल्या की मुक्काम हलतो, फोनलाही रेंज नसते. एकाच वाडीतली अर्धी इकडे, अर्धी तिकडे असंही असतं. हे कळल्याशिवाय नमुना किती हा प्रश्नच पुढे सरकत नाही.

पळसफूल
बहुतेक विटांवर. पेणच्या बाजूला म्हणाल्या एक आजी. नक्की कुठे ते त्यांनाही सांगता आलं नाही.

दख्खनचा_पाहुणा
सोपा उपाय. वाडी बदला. शेजारी ठाकूरवाडी असेलच, ठाकूर शेतीवाले, बरेचसे घरी सापडतात. गाईडना सांगा समाज बदलला, विषय तोच. मी माझ्या वेळी असंच केलं होतं, कुणी काही बोललं नाही.

करवंद
दख्खनचा_पाहुणा, अजिबात पटलं नाही. समाज म्हणजे काय कपडे आहेत का, हा नाही तर तो? कातकऱ्यांचे आप्तसंबंध समजून घ्यायला निघालेली मुलगी ठाकरांची माहिती घेऊन काय लिहिणार? दोघांचे नियम वेगळे, जमिनीशी नातं वेगळं. महाराष्ट्रात विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून तीनच समाज नोंदलेले आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी त्यात आहेत याचं एक मोठं कारण हे स्थलांतर आणि भूमिहीनता. ती अडचण आली म्हणून समाजच बदला म्हणणं मला फार चुकीचं वाटतं.

दख्खनचा_पाहुणा
विद्यार्थ्याला पदवी मिळवायची असते. तुमची तत्त्वं एप्रिलनंतर.

देहमापक
मी शारीरिक मानवशास्त्राचा. आप्तसंबंध वगैरे ठीक आहे, पण मागे राहिलेल्या वृद्धांची आणि मुलांची उंची, वजन, दंडाचा घेर घेतला तर पक्का आकड्यांचा डेटा हातात येतो. उंची मोजायचा अँथ्रोपोमीटर रॉड विभागातून मिळेल, छोटी मापं घ्यायचा स्लायडिंग कॅलिपर मिळेल. स्थलांतरित पालकांच्या मागे राहिलेल्या मुलांचं पोषण हा उत्तम विषय आहे. नैतिक समितीची परवानगी मात्र आधी घ्यावी लागेल, मुलांच्या बाबतीत पालकांची लेखी संमतीही.

पळसफूल
पालकच तर भट्टीवर आहेत. आणि माझा विषय पोषण नाही.

जुनी_वही
वाचत होते, आता लिहिते. मी याच विषयात शिकले आणि शिकवलं.

पळसफूल, तुमचं काम अडलेलं नाही. मागे राहिलेले वृद्ध हीच तुमची सुरुवात. वंशावळ पद्धत तुम्ही पहिल्या वर्षी शिकला असाल. रिव्हर्स या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञानं ती १८९८ च्या, ऑस्ट्रेलियाजवळच्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत घडवली. त्याच्या हातात भाषा फारशी नव्हती, पण नावं, लग्नं, मुलं, मेलेले, जिवंत, एवढं विचारत गेला आणि अख्ख्या समाजाची वीण समोर आली. आजींबरोबर बसा. प्रत्येक घराची वंशावळ काढा. काटक्या लावलेल्या घरांचीसुद्धा, कारण आजींना ती सगळी घरं पाठ असतात. कुणाची मुलगी कुठल्या वाडीवर दिली, कुणी बायको सोडून दुसरी केली, कोण सासुरवाडीला राहायला गेला, हे सगळं त्यातच निघेल.

मग प्रत्येक नावापुढे एकच जास्तीचा रकाना ठेवा: यंदा कुठे गेला आणि कुणाबरोबर गेला. आप्तसंबंध लग्नात आणि बारशात दिसतात तसे इथेही दिसतात. उचल, म्हणजे मालकाकडून कामाआधी घेतलेले पैसे, कुणी घेतली, त्या उचलीत भावाला धरलं की मेव्हण्याला, पोरं कुणाकडे ठेवली, आईच्या आईकडे की बापाच्या आईकडे. कुलूपबंद वाडीमुळे तुमचा विषय मोडत नाही. उलट वाडी भरलेली असती तर हा रकाना तुम्हाला सुचलाच नसता.

करवंद
+१. हे सोमवारी गाईडना दाखवा.

अभ्यासू_आई
माझी मुलगी बारावी कलाशाखेत आहे. तिला हा विषय घ्यायचा आहे. पुढे नोकरी मिळते का? कुणी स्पष्ट सांगेल का?

लक्ष्य_कलेक्टर
ताई, यूपीएससी हा चांगला मार्ग आहे. नोट्स मिळाल्या की मी इथे टाकतो.

जुनी_वही
अभ्यासू_आई, एमएला वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर येतात. माझ्या वर्गात बीएस्सी होते, बीए होते, एक अभियंताही होता. त्यामुळे पदवीला हा विषय मिळाला नाही तरी दार बंद होत नाही. नोकऱ्या आहेत पण जाहिरातींचा ढीग नसतो. भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षण आहे, १९४५ साली स्थापन झालेलं, मुख्यालय कोलकात्याला, नागपूरलाही केंद्र आहे. पुण्याला आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आरोग्य आणि विकास प्रकल्पांवर, संस्थांमध्ये, संग्रहालयांत काम मिळतं. मुलीला लोकांत बसून ऐकत राहायची आवड असेल तरच पाठवा. बाकी वेगळा धागा काढाल का? इथे या मुलीला सोमवारची घाई आहे.

शंभर_पानी
माफ करा, पण हे दोन-तीन आठवड्यांचं फील्डवर्क म्हणजे फील्डवर्कच नव्हे. मालिनोव्स्कीसारखा मोठा मानवशास्त्रज्ञ १९१५ ते १९१८ च्या दरम्यान न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला, तिथली भाषा शिकला. किमान एक पूर्ण वर्षचक्र पाहिल्याशिवाय आप्तसंबंधांवर बोलू नये. कुठल्याही विद्यापीठानं घाईत एमए प्रबंधिका करवून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

दख्खनचा_पाहुणा
मालिनोव्स्कीला एप्रिलअखेरची मुदत नव्हती.

करवंद
शंभर_पानी, वर्षचक्र पाहावं हे मान्य. पण त्या चक्रात भट्टीचे महिने येतात की नाही? पावसाळ्यात वाडीवर जाऊन लिहिलं की पूर्ण समाज दिसला, असं म्हणणारे लेख आपण वाचलेत. तेही अर्धंच.

आणि आपल्याकडचं उदाहरण घ्या. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्व्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ साली छापून आली. गाव पाण्याखाली गेलं तरी माणसं जिथे नेऊन ठेवली तिथे जाऊन विचारता येतं. पळसफूल, भट्टीवर जा.

पळसफूल
भट्टीवर जायचंच मनात होतं, पण परवानगी कुणाची घ्यायची? मालकाची?

सुधागडकर
मालकाची घ्यावीच लागेल, त्याची जागा आहे. आधी फोन करा, विद्यापीठाचं पत्र न्या. तो चहा पाजेल, शेड दाखवेल.

भोंगाशाळा
मालकाकडून आत शिरू नका. हे मी कळकळीनं सांगतोय.

भट्टीवरच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भट्टीवर मजूर कच्च्याच विटा एकावर एक रचून जी खोपटी उभारतात तिला भोंगा म्हणतात. छत बुटकं, आत उभं राहता येत नाही. वसई-भिवंडीकडे अशा भोंग्यांत शाळा भरवल्या गेल्या, तेच नाव मी घेतलं.

मालकानं तुमची ओळख करून दिली की तुम्ही त्याची माणूस होता. मग कुणीही विचारलं तर उत्तर एकच, सगळं बरं आहे. आधी वाडीवरच्या आजींकडून निरोप घ्या, "तुमच्या आईनं पाठवलंय, ती बरी आहे, पोरगं शाळेत जातंय". तो निरोप घेऊन गेलात तर भोंग्यात बसायला जागा मिळते. आजींना भट्टीचं नाव सांगता येत नसेल तर वाडीच्या आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा. बाळंतपण आणि लसीकरणासाठी त्यांनी कोण कुठे गेलं ते टिपलेलं असतं.

वेळही लक्षात ठेवा. काम जोडीवर असतं, नवरा-बायको मिळून जोडी, मजुरी हजार विटांमागे. अंधारात, मध्यरात्रीनंतर, चिखल कालवायला सुरुवात होते. नवरा चिखल ओढतो, बायको साच्यात भरून थापते, आणि पाच-सहा वर्षांची पोर मागून जाऊन अर्ध्या सुकलेल्या विटा एका कडेवर उभ्या करत जाते, कारण तिचं वजन कमी, ओल्या विटेवर पाय पडला तरी वीट फुटत नाही. त्या वेळी वही काढू नका. आठवड्याला खर्ची मिळते, त्या दिवशी बाजार. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर माणसं निवांत असतात. तेव्हा बसा.

जुनी_वही
भोंगाशाळा, खूप आभार. पोर कुणाची, बरोबर का आणली, मागे आजी का नव्हती, हे सगळं आप्तसंबंधच आहे.

सुधागडकर
मालकाला न सांगता गेलेल्या पोरीला हाकलून दिलं तर? माझ्या ओळखीतले मालक सज्जन आहेत. सगळ्यांना एकाच रंगात रंगवू नका.

भोंगाशाळा
सज्जन आहेत हे मीही पाहिलंय. तरी उचल त्यांच्या वहीत लिहिलेली असते आणि मजुराला ती वही वाचता येत नाही. मालकाला सांगा, पण जाऊन आल्यावर, किंवा मजुरांनी ओळख करून दिल्यावर. लपून जायचं नाहीच. पहिलं पाऊल कुणाच्या बाजूनं पडतं एवढाच मुद्दा.

शास्त्रार्थ
एक गोष्ट कुणीच विचारली नाही. तिथे वेठबिगारी दिसली तर काय करणार? वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ पासून आहे. उचलीपायी माणूस जागा सोडू शकत नसेल तर तो गुन्हा आहे. मी असतो तर तहसीलदारांकडे तक्रार केली असती, प्रबंधिका गेली खड्ड्यात.

करवंद
आणि त्या कुटुंबाचं दुसऱ्या दिवशी काय? त्यांना विचारलंत का?

शास्त्रार्थ
कायदा विचारून लागू होत नाही.

भोंगाशाळा
दोघंही थांबा. पळसफूल, हे आधीच ठरवा. तुमच्या तालुक्यात आदिवासींमध्ये काम करणारे जुने कार्यकर्ते असतील, त्यांची ओळख आत्ताच करून घ्या. काही दिसलं आणि कुटुंबाला मदत हवी असली तर तुम्हाला कुणाकडे जायचं ते माहीत हवं. आणि प्रबंधिकेत भट्टीचं नाव, मालकाचं नाव, वाडीचं खरं नाव लिहू नका. पेणजवळची एक भट्टी, एवढं पुरे. उचलीची रक्कम कुटुंबाच्या नावासमोर कधीच नको.

पळसफूल
हे गाईडनी सांगितलं नव्हतं. संमतिपत्र आहे आमचं, दोन पानी, सही करायची. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांनी?

जुनी_वही
दोन पानी छापील कागद भट्टीवर बाहेर काढलात तर सगळे उठून जातील, कारण अंगठा म्हटलं की त्यांना उचल आठवते. तोंडी संमती घ्या, त्यांच्या बोलीत समजावून, आणि ती कधी, कुणासमोर दिली ते वहीत लिहा. विभागाच्या समितीकडून तोंडी संमतीची लेखी मंजुरी सोमवारीच मागून घ्या. नमुन्याचं राहिलंच. आजींकडून सगळ्या घरांच्या वंशावळी आणि भट्टीवर प्रत्यक्ष भेटलेली चार-पाच कुटुंबं, एमएला मला हे पुरेसं वाटतं. कुणाला भेटता आलं नाही आणि का, हेही एका परिच्छेदात लिहा. परीक्षक म्हणून मी तो परिच्छेद आधी वाचते.

देहमापक
दंडाचा घेर तरी घ्या. टेप खिशात मावते.

पळसफूल
सगळ्यांचे आभार. देहमापक, तुमचेही, पण टेप नेणार नाही. उद्या आशाताईंना गाठते. सोमवारी दोन गोष्टी मागते, तोंडी संमतीची मंजुरी आणि शीर्षकात "स्थलांतराच्या काळातील" एवढी भर. विषय तोच राहतो, त्यामुळे हरकत घेणार नाहीत असं वाटतं. शिमग्याला माणसं वाडीवर येतात का? कुणी नक्की सांगेल?

सुधागडकर
येतात. आमच्याकडची बरीचशी वीटभट्टीवाली कुटुंबं होळीला येतातच, काही दिवस राहून परत जातात. कोळसावाल्यांचा भरवसा नाही. काढलेल्या वंशावळी तेव्हा वाडीवर आणा आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवा, चुका तेच सांगतील. पालीपासून पुढे शेवटची एसटी चुकली तर रिक्षा मिळत नाही, त्यामुळे राहायची सोय आधी करा. आमच्या घरी ओटी रिकामी असते, आई आहे घरात. हवं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.