लहान मुलांना घरी येशूची गाणी, कागदकाम वगैरे – तुम्ही नक्की काय करता?

दोघांची_आई (कांदिवली)

सलाम मंडळी. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीचचा, वन बीएचके, आम्ही दोघंही नोकरीवाले, लोकलमधून उतरून घरी पोचेपर्यंत साडेसात. मी नगरकडची, आमची मंडळी प्रॉटेस्टंट, नवरा वसईचा कॅथलिक, म्हणजे घरात उपासना संगीतही (आमचं गीतांचं पुस्तक) आहे आणि रोझरीही (त्यांची जपमाळ) आहे, त्यावरून भांडण नाही. अडचण वेगळीच आहे. मुलं गातात ती सगळी फोनवरची इंग्रजी अ‍ॅक्शन साँग्ज, तीही अमेरिकन उच्चारात. सासूबाई धाकट्याला झोपवताना कादोडीत, म्हणजे त्यांच्या वसईकडच्या बोलीत, काहीतरी गुणगुणतात तेव्हा तो लगेच शांत होतो, पण मी मराठी गीत काढलं की मोठी म्हणते "मम्मा हे खूप लाँग आहे". आणि क्राफ्टचं म्हणाल तर प्रिंटआऊट काढायचे, तिने रंगवायचे, दहा मिनिटांत खेळ खलास, दुसऱ्या दिवशी कागद कचऱ्यात. मला यूट्यूबच्या लिंका नकोत, तुमच्या घरात खरंच काय चालतं ते सांगा.

शब्बाथशाळा_टीचर (भायखळा)

अख्खं गीत शिकवायचंच नाही गं. फक्त ध्रुपद. कडवी तू म्हण, ध्रुपद आलं की मुलांनी तुटून पडायचं, भजनात झीलकरी करतात ना तेच. हातात खंजिरी किंवा दोन चमचे दे. अडीच वर्षाचा शब्द म्हणणार नाही पण ठेका बरोबर पकडेल, आणि त्या वयाला तेवढं भरपूर आहे. सूर फार खाली लावू नकोस, आपण दमून आलो की आवाज खाली जातो आणि मुलांचा गळा तिथे पोचत नाही, मग ती नुसती पुटपुटतात आणि आपल्याला वाटतं ह्यांना गाणंच आवडत नाही.

गाण्याची जागा ठरवून टाक. आंघोळीचं एक, जेवणाआधीचं एक, दिवा मालवतानाचं एक. महिनोन्‌महिने तीच ठेव. कंटाळा आपल्याला येतो, मुलांना नाही.

कागदकामाचं विचारशील तर गोष्ट आधी, कागद नंतर. आमच्याकडे जक्कयची गोष्ट होती, येशूला बघायला झाडावर चढलेला तो बुटका माणूस, तेव्हा मुलांना सरळ कंपाऊंडमधल्या उंबराखाली नेलं. आपल्या बायबलमध्ये तो उंबरावरच चढतो, आणि तिकडचं ते झाड आपल्या उंबराचं भावंडच आहे, तशीच खोडाला लगडलेली फळं. फळं वेचली, पानं वेचली, वर येऊन पानं कागदाखाली ठेवून क्रेयॉन आडवा घासला, शिरा उमटल्या आणि त्यात प्रत्येकाने आपापला बुटका जक्कय चिकटवला. दोन वर्षाच्याला कात्री देऊ नका, फाडू दे. हरवलेल्या मेंढराला फाडलेला कापूस, नोहाच्या तारवाला फाडलेले पुठ्ठे. आणि फेविकॉलपेक्षा कणकेची खळ बरी, तोंडात गेली तरी चिंता नाही.

गिरगावकर_आजोबा

"लाँग आहे" म्हणणाऱ्या नातीला माझा सलाम सांगा, तिचं बरोबर आहे. आपल्या उपासना संगीतात दोन तऱ्हेची गीतं आहेत. काही इंग्रजी चालीवर शब्द बसवलेली, ती लहान तोंडात अडकतात, कारण आपल्या बोलण्याचा झोक एकीकडे आणि चालीचा झोक दुसरीकडे. दुसरी आपल्या अभंग-पदांच्या वळणाची, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली इथे मुंबईतच झाला आणि १९१९ मध्ये ते गेले तेही मुंबईतच. मधल्या चोवीस वर्षांत या माणसाने आपल्याला टाळ-मृदंगावर येशूचं नाव घ्यायला शिकवलं. शाळेत "केवढे हे क्रौर्य" पाठ केलेल्या अर्ध्या लोकांना ठाऊक नसतं की हेच ते. तर मुलांसाठी त्यांच्या वळणाची निवडा.

त्याही आधी फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीतच रचलं होतं, १६१६ साली ते छापलं गेलं, आणि जन्माने ते इंग्रज बरं का! ओवी कुणालाही जमते, सुनबाई, पुस्तक लागत नाही. आमच्या नातवंडांसाठी मी आणि ही मिळून करतो, नाताळात अशा केल्या होत्या:

पहिली माझी ओवी, बेथलेहेम गावा
गोठ्यात जन्मला, राजा माझा नवा

दुसरी माझी ओवी, मेंढपाळ दादा
रात्रभर जागे, कळपाच्या नादा

तिसरी माझी ओवी, ताऱ्याच्या वाटेला
उंटांवर राजे, निघाले भेटीला

पुढच्या मुलांनी जोडल्या. सातवीत उंटाला बिस्लेरी पाजली आहे, आम्ही ती काढली नाही.

गोराई_गावठाण

आजोबा सातवी ओवी पण टाका ना 😄

दोघांची_आई, आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे कॅथलिक, आमच्याकडे क्राफ्ट असं वेगळं काढून कुणी बसत नाही, सण आला की हात आपोआप कामाला लागतात. म्हणून प्रिंटआऊट कचऱ्यात जातो आणि गोठ्याचं काम महिनाभर टिकतं, कारण त्याचा घरात उपयोग असतो. नाताळाच्या गोठ्याला, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याला, नाचणी पेरायची हे मुलांचंच काम. १४-१५ डिसेंबरला रात्री नाचणी भिजत घालायची, सकाळी पसरट ताटलीत बोटभर माती, त्यावर दाट पसरायची, पाणी ओतायचं नाही, नुसतं शिंपडायचं. आठ-दहा दिवसांत हिरवंगार कुरण तयार, त्यावर मेंढरं. मुलं सकाळी उठल्या उठल्या बघायला पळतात, तेव्हाच दोन ओळी म्हणून घ्यायच्या. बाळ येशूला गोठ्यात आधी ठेवायचं नाही, २४च्या रात्रीच. आणि तीन राजे लांब, आमचे टीव्हीवरून निघतात, मुलं रोज थोडे थोडे पुढे सरकवतात, ६ जानेवारीला पोचतात. धाकट्याने एक राजा मधेच लपवला तर शोधायचा, दुसरं काय.

मग झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) चर्चमधून झावळी मिळते तिच्या पट्टीचा क्रूस विणायचा. तो वर्षभर घरातल्या अल्ताराजवळ (देव्हाऱ्याजवळ) ठेवायचा आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवाराआधी (उपवासकाळाचा पहिला दिवस) चर्चमध्ये परत द्यायचा, त्याचीच राख कपाळाला लागते. पाच वर्षाच्या मुलीला हे अगदी कळतं, माझी तर फादरना विचारून आली की माझावाला कुठला. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, आमचा कापणीचा सण, नव्या भाताच्या लोंब्या, त्यांची जुडी बांधायला द्या. वसईच्या सासूबाई आहेत म्हणता, मग तर तुमच्या घरातच खजिना आहे, त्यांची कादोडी गाणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा आजच. पंचवीस वर्षांनी कोण म्हणणारे ती?

पप्पा_ऑन_ड्यूटी (ठाणे)

थोडं उलट बोलतो. इंग्रजी गाण्यांचा एवढा बाऊ कशाला? मुलं शाळेत इंग्रजी, बिल्डिंगमध्ये हिंदी, मामाकडे मराठी बोलतात, येशूला तिन्ही कळतात. माझा मुद्दा वेगळा आहे. क्राफ्ट बऱ्याच घरांत आईचा प्रोजेक्ट होऊन बसतो, मूल बाजूला उभं आणि मम्मी ग्लिटर लावतेय, मग फोटो, मग स्टेटस. आणि भक्तीला स्टिकर चार्ट लावणारे पण पाहिलेत, प्रार्थना म्हटली की स्टार, पाच स्टारला चॉकलेट. माझ्या मुलाने एकदा सरळ सांगितलं, आज चॉकलेट नको, प्रार्थना पण नको 🙏 तेव्हापासून आमच्याकडे बक्षीस बंद. गायचं तर आपण गावं, पोळ्या लाटताना, गाडी धुताना, त्यांना यायचं तर येतील. वडिलांनी पण गावं हो, सगळं आईवर आणि टीचरवर टाकून आपण बाहेर पार्किंगमध्ये गप्पा मारायच्या हे काही बरोबर नाही.

शब्बाथशाळा_टीचर (भायखळा)

पार्किंगवाला मुद्दा पाळकसाहेबांना फॉरवर्ड केला 😂 पण इंग्रजीचं पूर्ण पटत नाही. तीन भाषा कळतात हे खरं, पण आजीसोबत प्रार्थनेला बसल्यावर मुलाला एक ओळ तरी म्हणता यायला नको का? गावच्या चर्चमध्ये गेलं की आपली मुंबईची मुलं तोंड मिटून उभी असतात, ते बघवत नाही.

दोघांची_आई (कांदिवली)

वाचून काढलं सगळं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं, पार्किंगला तो गप्प बसला. काल रात्री ओव्या म्हटल्या. मोठीने चौथी जोडली, त्यात गाढव आहे आणि गाढवाला शाळेत जायचं नाहीये. सासूबाईंचं रेकॉर्डिंग रविवारी करतोय, त्या आधी साडी बदलणार म्हणाल्या, आवाजच घ्यायचाय सांगितलं तरी.

एक विचारायचं होतं, नाताळाचा तारा घरी करायचाय, विकतचा प्लास्टिकचा नको आणि थर्माकोलही नको. कांदिवलीत बांबूच्या कामट्या कुठे मिळतील?

गोराई_गावठाण

टोपल्या-सुपं विकणारे बुरूड बसतात त्यांना विचारा, मापाने चिरून देतात. मोठा नको असेल तर कामट्याही नकोत, खराट्याच्या काड्या घ्या, मजबूत असतात आणि मुलांच्या हाताला वाकतात. एका बाजूला पाच काड्यांचा एक तारा, तसेच दोन करायचे, पाची टोकं एकमेकांना दोऱ्याने बांधायची, आणि आत जिथे काड्या एकमेकींवरून जातात त्या पाच जागी दोन ताऱ्यांच्या मधे बोटाएवढी काडी आडवी अडकवायची, की पोट फुगतं. वरून पतंगाचा कागद, खळ लावूनच. आत पणती-मेणबत्ती अजिबात नाही, छोटा एलईडी सोडा. कागद आत्ताच घेऊन ठेवा, डिसेंबरमध्ये अब्दुल रहमान स्ट्रीटला पाय ठेवायला जागा नसते.