खिशातला खर्च ३९ टक्क्यांवर आला म्हणतात, मग आमच्याकडे का वाढतोय?

सातारकर७७:
नमस्कार मंडळी. बाबांची (वय ७१) मागच्या महिन्यात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. कॅशलेस होतं तरी डिस्चार्जच्या दिवशी ४२ हजार भरावे लागले, रूम रेंटची लिमिट ओलांडली म्हणून टीपीएने (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारी संस्था) सगळ्या बिलातूनच त्या प्रमाणात कापलं, आणि आता दर महिन्याला साडेतीन हजारांची औषधं, ती तर पॉलिसीत नाहीतच. त्याच आठवड्यात वाचलं की देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातला वाटा (उपचार घेताना आपण थेट भरतो तो) २०१४-१५ ला ६२.६ टक्के होता तो २०२१-२२ ला ३९.४ झाला. शेजारीपाजारी विचारलं तर एकाच्याही घरी खर्च कमी झालेला नाही. कुणी समजावेल का?

आकडेमोड:
वाटा आणि रक्कम वेगळ्या गोष्टी आहेत. माणशी एकूण खर्च ३,८२६ वरून ६,६०२ रुपये झाला, त्यात सरकारचा १,१०८ वरून ३,१६९, म्हणजे जवळजवळ तिप्पट. खिशातला २,३९४ वरून २,६००. सरकारचा भाग फुगला म्हणून आपली टक्केवारी उतरली, रुपये उतरले नाहीत. महागाई धरली तर २,६०० ही घटच आहे हे मान्य, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. २०२१-२२ हे कोविड लसीकरणाचं वर्ष, सरकारी खर्च तेव्हा वाढणारच होता. आणि घरांचा खर्च त्या वर्षी जाऊन मोजलेला नाही, २०१७-१८ च्या नमुना पाहणीवरून पुढे वाढवत नेलाय. मला सगळ्यात खटकतं ते हेच.

बिलिंगवाली:
मी दहा वर्षं हॉस्पिटल बिलिंगमध्ये काढली आहेत. स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने बांधली, औषधी लेप असलेला तेव्हा २९,६०० ला आला, आधी लाखाच्या वर जायचा. पण पॅकेज, खोली, कॅथलॅब, तपासण्या हे कुणी बांधलं नाही, मग बिल त्या बाजूने वाढलं. त्यात पेशंटच बदललेत, शुगर, बीपी, हार्ट, किडनी, एकदा सुरू झालं की गोळ्या जन्मभर, आणि माझ्या मते घरं खचतात ती या महिन्याच्या मेडिकलच्या बिलानेच, ऑपरेशनला निदान विमा तरी असतो.

जर्सीकर:
इथे अमेरिकेत २०२३ ला खिशातला वाटा जेमतेम १० टक्के होता, पण एकूण खर्च जीडीपीच्या १७.६ टक्के, माणशी साडेचौदा हजार डॉलर. पैसे प्रीमियममधून आणि टॅक्समधून जातात एवढंच. त्यामुळे नुसता वाटा कमी बघून हुरळून जाऊ नका.

बिलिंगवाली:
@सातारकर७७ बाबा सत्तरीच्या पुढे आहेत ना, सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार. फक्त भरती झाल्यावर लागू होतं, रोजच्या गोळ्यांना नाही. गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून ब्रँडऐवजी मूळ औषधांची (जेनेरिक) नावं लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात, विचारा.

सातारकर७७:
खूप आभार दोघांचे, तिघांचे. कार्डचं माहीतच नव्हतं, उद्याच आधार घेऊन जातो. औषधांची यादी डॉक्टरांकडून लिहून आणली की इथे टाकतो, कुठलं जनऔषधीत मिळतं ते सांगाल का?