विमानाची वेळ बदलली आणि स्टेटस हुकायची वेळ आली : तुमचे अनुभव सांगा

आमचं टॉवेलचं काम, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत. दर जानेवारीला फ्रँकफर्टला हाइमटेक्सटील प्रदर्शन असतं, सॅम्पल न्यावेच लागतात आणि टेरी टॉवेल म्हणजे नुसतं वजन, दोन डझन घातले की बॅग उचलत नाही. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात गोल्डला, म्हणजे वर्षात ठरावीक फ्लाइट किंवा मैल झाले की मिळणाऱ्या वरच्या स्टेटसला, वजनाच्या हिशोबात 20 किलो जास्त नेता येतं, म्हणून मला गोल्ड पाहिजेच होतं. डिसेंबरातली शेवटची ट्रिप, जाता-येता एकेक थांबा, म्हणजे चार फ्लाइट, आणि मला नेमक्या चारच कमी होत्या. तर मेल आला की मधली फ्लाइट बंद, तुम्हाला डायरेक्टवर टाकलंय. बायको म्हणाली बरंच झालं की ओ, थांबा वाचला. पण चाराच्या दोन झाल्या ना! आठवडाभर झोप नव्हती. मग कळलं की ओरिजिनल राउटिंग क्रेडिट म्हणून मागता येतं, म्हणजे बदल कंपनीने केला असेल तर मूळ तिकिटाप्रमाणे हिशोब धरा. प्रवास झाल्यावर जुनं ई-तिकीट, बदलाचा मेल, बोर्डिंग पासचे फोटो सगळं जोडून पाठवलं. आधी नाही म्हणाले, परत पाठवलं, वर एकच ओळ लिहिली की बदल मी मागितलेला नाही. 19 दिवसांनी चारही जमा झाल्या. सगळेच देतात असं नाही, पण मागा.

तुमचं काय झालं ते लिहा, आपल्याकडचे बरेच जण आता परदेशी जातात, उपयोग होईल.

जुळे सोलापूरहून
माझं अगदी वेगळं, तारखेचं. विमान 31 डिसेंबरला रात्री 11:50 चं होतं, बदलून 12:40 केलं. पन्नास मिनिटं फक्त, मी लक्षच दिलं नाही. मुलाने बघितलं, म्हणाला आई तारीख 1 जानेवारी झाली, हे मैल (प्रवासाचे पॉइंट) पुढच्या वर्षात जाणार! लगेच फोन केला, तासभर गाणं ऐकलं, पण बाई चांगली होती, बदल त्यांचाच असल्यामुळे 30 तारखेच्या विमानात फुकट बसवलं. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन एक दिवस अलीकडचं करताना मात्र वेटिंग आलं, शेवटी गाडी करून मुंबई गाठली. पण सिल्व्हर (गोल्डच्या खालचं स्टेटस) झालं आणि परतीला मला गुडघ्याच्या त्रासात रांगेत उभं राहावं लागलं नाही, त्याचं मोल मलाच माहीत.

सात रस्त्यावरून
मी मोबाइलवर आलेलं ‘मान्य’चं बटण दाबून मोकळा झालो. नंतर बघतो तर बुकिंग क्लासचं, म्हणजे तिकीट कोणत्या दराचं ते सांगणारं अक्षरच बदललेलं, स्वस्तातल्या अक्षरावर मैल निम्मे. तक्रार केली तर उत्तर आलं की बदल तुम्ही स्वीकारलाय. जुनं तिकीट पण डिलीट केलेलं. सहा वर्षांचं गोल्ड गेलं, अजून वाईट वाटतं.

होटगी रोडवरून
एक विचारायचंय, 2025 च्या ऑक्टोबरात आपल्याकडून मुंबईची विमानसेवा सुरू झाली, ती धरून पुढचं परदेशी विमान पकडलं तर? दोन तिकिटं वेगवेगळी आहेत.

अक्कलकोट रोडवरून (धागा काढणारा)
ताई/दादा, वेगळ्या तिकिटाला पुढची कंपनी जबाबदार नसते, पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरं गेलंच समजा. आदल्या दिवशी पोचा, खर्च पडला तरी.

विजापूर रोडवरून
हे सगळं वाचत असतानाच मेल आलाय, माझं परतीचं विमान रद्द, दुसरं दिलंय आणि ते दुसऱ्याच कंपनीचं आहे. मान्य दाबलेलं नाही. जुन्या तिकिटाची प्रिंट काढून ठेवली, उद्या सकाळी फोन करतो, काय म्हणतात ते इथंच लिहितो.