मदत हवी आहे: घटस्फोटानंतर चर्चमध्ये पुन्हा लग्न

नमस्कार. आम्ही ठाण्याचे, कॅथलिक, घरात मराठीच बोलतो. माझ्या मामेबहिणीचा कोर्टातून घटस्फोट झालाय. नवरा मारायचा. आता चांगलं स्थळ आलंय आणि तिला लग्न चर्चमध्येच करायचंय. फादर म्हणाले, कोर्टाचा कागद इथे चालत नाही, आधी चर्चच्या ट्रायब्युनलकडून (चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाकडून) पहिला विवाह मुळातच वैध नव्हता असा निकाल, म्हणजे अ‍ॅनलमेंट, आणावा लागेल.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सोपी केली. दुसऱ्या ट्रायब्युनलची सक्तीची मान्यता काढली, स्पष्ट प्रकरणांसाठी बिशपांसमोरचा छोटा मार्ग दिला. मुंबई धर्मप्रांतात कोणी यातून गेलंय का? किती महिने लागले? साक्षीदार कोण दिले? पहिला नवरा आलाच नाही तर काय होतं?

मामी म्हणते, देवासमोर दिलेला शब्द मोडायचा नाही. आजी मात्र बहिणीच्या बाजूने. आजीच्या लहानपणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) लॅटिनमध्ये असे, कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२ ते ६५) ती मराठीत ऐकू आली. तेव्हा चर्च बदललं, तसं इथेही बदलायला हवं, असं मलाही वाटतं. भाषा आणि विवाहाचं संस्कारपण एकाच मापाने मोजता येत नाही, हे कळतं. पण मार खाल्लेल्या बाईने किती वर्षं थांबायचं?

आणखी एक. घटस्फोट झाला, पण दुसरं लग्न केलेलं नाही, तर कम्युनियन (मिस्सामध्ये मिळणारी पवित्र भाकर) घेता येतं. तरी ती लाजेने मागच्या बाकावर बसून राहते. तिला हे समजावून सांगणारे फादर किंवा सिस्टर ठाणे, कळवा, ऐरोलीकडे माहीत असतील तर कृपया मेसेज करा.