तणाची पचनशक्तीच बंद केली तर?

बांधकरी: हरियाणा-पंजाबच्या गव्हातली मंडूसी (फॅलॅरिस मायनर) हे तण पूर्वी आयसोप्रोट्युरॉन या तणनाशकाने मरायचं. 1990 नंतर मरेना. तिच्या पेशीतली सायटोक्रोम पी-450 विकरं (एन्झाइम) औषध मोडून, म्हणजे पचवून, निकामी करतात. प्रयोगांत सोबत पिपरोनिल ब्युटॉक्साइड हे विकरं अडवणारं रसायन दिलं, ही विकरं अडली आणि तेच जुनं औषध पुन्हा लागू पडलं. 1980 च्या दशकानंतर नव्या पद्धतीने मारणारी तणनाशकं जवळजवळ आलीच नाहीत. मग जुन्यालाच जोडीदार का देऊ नये?

काळी_माती: आयसोप्रोट्युरॉनने गहू का मरत नाही? त्याच पचनशक्तीमुळे! ती अडवली की गहूही उघडा पडतो. एका किल्लीने दोन्ही घरांची कुलपं उघडायची आणि चोर फक्त शेजाऱ्याकडेच जाईल म्हणायचं.

बांधकरी: मात्रा जमली की फरक पडतो. कोस्टा रिकात भातातलं तण प्रोपॅनिल हे तणनाशक पचवायला लागलं, तेव्हा ते पचन अडवणारं पायपेरोफॉस मिसळून तण आवरलं. भात टिकला.

काळी_माती: आणि त्याच प्रोपॅनिलच्या आगेमागे कार्बारिल हे कीटकनाशक मारलं की भात करपतो, ते सोयीस्करपणे विसरलात.

रसायनवाली: दोघंही एक गोष्ट सोडताय. क्लोमॅझोन हे तणनाशक वनस्पतीच्या आत गेल्यावर पी-450 विकरांमुळेच खरं विषारी होतं. म्हणून अमेरिकेत कापसाला त्यापासून वाचवायला पेरताना ही विकरं अडवणारं फोरेट हे कीटकनाशक देत. तिथे विकर अडवणं म्हणजे औषध बोथट करणं. कुठल्या औषधाचं काय होतं ते कळल्याशिवाय 'जोडीदार' हा शब्दच वापरू नये.

सोयाबीनवाला: आमच्याकडे हा प्रयोग रोज चालतो, न कळता! एकाच टाकीत तणनाशक, अळीचं औषध, टॉनिक, स्टिकर. पानं पिवळी पडली की दोष पावसाला. मॅलाथिऑनसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकंसुद्धा हीच विकरं अडवतात, तेव्हा हा धागा वाचून उद्या कुणी पंपात ओतू नका, हात जोडतो.

बांधकरी: मी घरगुती मिश्रण सांगतच नाहीये. कंपनीने तपासून, लेबलवर पीक आणि मात्रा छापून द्यावं.

काळी_माती: दिलं तरी किती दिवस? मंडूसीने पुढे क्लोडिनाफॉप या दुसऱ्या तणनाशकालाही दाद दिली नाही. काही शेतांत तणाच्या पेशीत औषध जिथे चिकटतं ती जागाच बदललेली सापडली. तिथे पचन अडवून काय उपयोग? त्यापेक्षा नांगरट न करता ऑक्टोबरअखेर गहू पेरला की मंडूसी मुळात कमी उगवते.

बांधकरी: भात काढायलाच नोव्हेंबर उजाडतो, तिथे ऑक्टोबरची पेरणी कुणी करायची?